पाटलिणीची ऐट

एका गावात एक पाटलीण होती. मनाने वाईट नव्हती हो, पण बडेजावाची भारी हौस. तिच्याकडे साळू नावाची मोलकरीण होती. मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी. सकाळी यायची, धुणीभांडी करायची आणि दिवस मावळला की आपल्या घरी, तान्ह्या लेकीकडे जायची.

त्या काळी बड्या घरांत बटकीही असत. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. तिला ना मजुरी, ना घर. मालकीण ज्याला देईल त्याच्या दारात तिने जन्म काढायचा.

एकदा गावात सरदारीणबाईंचा मेणा उतरला. पाटलिणीने त्यांना फराळाला बोलावलं. पाणी घेऊन आलेल्या साळूला पाहून त्यांनी विचारलं, ही कोण? जिभेला काय हाड? आमची बटीक, असं पाटलीण ऐटीत सांगून बसली.

"मग ही मला द्या," सरदारीणबाई म्हणाल्या. "जाताना बरोबर नेते."

पाटलीण पेचात पडली. खरं सांगावं तर फजिती, नाही म्हणावं तर सरदाराचा राग. साळूने हातातला तांब्या खाली ठेवला. तिने मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीने मान खाली घातली.

साळू परसात पळाली, तर तिथे मेण्याबरोबर आलेला शिपाई उभा. पायरीवर सरदारीणबाईंची म्हातारी बटीक बसली होती. ती हळूच म्हणाली, "पोरी, मलाही असंच हसत हसत दिलं होतं. माझा लेक तेव्हा रांगत होता. पुढं त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही."

मागोमाग आलेल्या पाटलिणीनेही ते ऐकलं आणि तिला साळूची तान्ही लेक आठवली.

भोयांनी मेणा उचलला. शिपायाने साळूचा दंड धरला. ती दंड सोडवू लागली, पण बटकीचं कोण ऐकणार? तेव्हा कुठे पाटलीण पुढे झाली.

"बाईसाहेब, ही बटीक नाही. मोलकरीण आहे. ऐट मिरवायला मी खोटं बोलले."

सरदारीणबाई सगळ्यांदेखत खदाखदा हसल्या आणि निघून गेल्या. शिपायाने साळूला सोडलं. ती धावत घरी गेली, लेकीला उराशी धरलं आणि दाराला कडी घातली.

संध्याकाळी पाटलीण तिच्या दारी आली. चुकलं म्हणाली, उद्या कामाला ये म्हणाली.

आतून साळूचा आवाज आला, "तुम्ही शेवटी बोललात, तुमचे उपकार आहेत. पण आधी गप्प बसलात, तेव्हाच माझा जीव गेला होता, पाटलीणबाई."

दार काही उघडलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला हलकं लेखून मोठेपणा मिरवू नये. आपली ऐट त्याच्या जिवावर बेतते. आणि उशिरा खरं बोलून जीव वाचला, तरी गेलेला विश्वास परत येत नाही.