उंच टाचा आणि चौरंगावरचा पाहुणा

धारवाडकर साहेबांच्या विमा कचेरीत स्वागताला बसणाऱ्या बाईने उंच टाचांचे सँडलच घालायचे, असा नियम होता. "टाच उंच, तर कंपनीची शान उंच," असं साहेब म्हणत. ओल्या फरशीवर रोहिणी त्याच सँडलांमुळे घसरली, पाय प्लास्टरात गेला आणि तिच्या जागी शलाका आली. ती सपाट चपला घालून बसली. साहेबांनी बजावलं, "उद्या टाचा दिसल्या नाहीत, तर परवा येऊ नका."

दुसऱ्या दिवशी कचेरीत सत्यनारायण होता. साहेब सोवळं नेसून, अनवाणी, बड्या ग्राहकांना तीर्थ देत होते. शलाका पुढे आली तशी त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली.

"टाचा कुठे आहेत?"

"दाराबाहेर, साहेब. तुमच्या बुटांशेजारी."

"आज ठीक आहे. पण उद्यापासून पाहुण्यांसमोर शान राखायची."

शलाकाने तीर्थासाठी हात पुढे केला. "साहेब, सगळ्यात मोठा पाहुणा तर आज चौरंगावर बसलाय आणि त्याच्यासमोर आपण सगळे अनवाणी आहोत. उद्या त्याच्याहून मोठा कोण येणार तेवढं सांगा, त्याच्यासाठी घालीन."

ग्राहक गालात हसले. साहेबांनी तिच्या हातावर तीर्थ घातलं.

साहेबांच्या त्या 'परवा'ला शलाका आली, सपाट चपलांत.