यादीतलं तिसरं नाव

"…म्हणजे चुकीची यादी निघूच शकणार नाही, असं म्हणतोस?"

"शक्यच नाही, शास्त्रीबुवा!" निरंजन बोरसेनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

नदीकाठच्या त्या क्षेत्री धुंडिराजशास्त्री यजमानांच्या वंशावळी सांभाळायचे. कुणी घाटावर आलं की बाडातून त्याचे पूर्वज काढायचे आणि एकेका नावानं पाणी सोडायचं. सूनबाईंनी दोन वर्षं खपून ती बाडं कॉम्प्युटरवर चढवली. पण जुना प्रोग्राम असला वेंधळा, की गेल्या पितृपंधरवड्यात त्यानं एका धडधाकट म्हाताऱ्याचं नाव दिवंगतांत काढलं. घाटावर केवढा आकांत झाला!

निरंजन प्रोग्रामर. आला होता मनःशांतीसाठी. बुवांनी त्याच्या हाती नवा प्रोग्राम लिहायचं काम दिलं. तीन महिने झाले, आणि आता गडी स्वतःवर भलताच खूश होता.

"जुनी क्वेरी, यादी मागवायची आज्ञा हो, म्हणजे नुसता मजकूर. काहीही लिहा, मुकाट चालायची. माझ्याकडे 'जिवंत' हा नोंदींचा एक वर्ग, क्लास म्हणतो आम्ही, 'दिवंगत' हा वेगळा. तर्पणाची यादी फक्त 'दिवंगत' घेते. जिवंत माणूस तिथे घालायला गेलात, तर प्रोग्राम तपासणारा कंपाइलर दारातच अडवतो."

"नोंदी वाचल्यास?"

"नोंदी कशाला वाचू? साचा चोख असला की झालं."

बुवांनी खिडकीच्या फटीतून खाली घाटाकडे पाहिलं. 

"मग काढ एक यादी. बोरसे. मौजे आंबेसावळी."

निरंजनचा हात थबकला. ते त्याचंच गाव. चौदा वर्षांपूर्वी बापाशी भांडून तो तिथून निघाला होता. मग ना पत्र, ना फोन. बुवांना त्यानं गावाचं नाव कधीच सांगितलं नव्हतं.

"काढ ना."

त्यानं बटण दाबलं. प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला.

पहिलं नाव आजोबांचं. ते ठीक होतं.

दुसरं वसंत दगडू बोरसे. पुढे तिथी, पाच वर्षांपूर्वीची. वडील गेले होते… आणि हे त्याला आत्ता, या कागदावरून कळत होतं.

तिसरं नाव निरंजन वसंत बोरसे.

त्यानं कागद उजेडाकडे धरून ते नाव पुन्हा वाचलं. 

"चूक आहे ही! कुठेतरी चूक आहे."

त्यानं झरझर ती नोंद उघडली. क्लास, दिवंगत. तिथी भरलेली. गाव, गोत्र, बापाचं नाव, सगळं जिथल्या तिथे. साच्यात एका केसाचीही चूक नव्हती. खाली शेरा होता : 'बारा वर्षे बेपत्ता. पुतळा करून दहन.'

"पुतळ्याला पळसाची तीनशे साठ पानं लागली," बुवा शांतपणे म्हणाले. "डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. दोन वर्षं झाली. मीच केलं."

"तुम्हाला ठाऊक होतं? मी आलो त्या दिवसापासून?"

"तू कधी विचारलंस?"

"अहो, पण मी जिवंत आहे!"

"यंत्राला सांग की. बघ, अडवतंय का."

निरंजननं लॅपटॉपचं झाकण मिटलं. 

"कोणी केलं हे? कोणी करायला लावलं?"

बुवांनी खिडकीची फळी ढकलली. 

खाली पायरीवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. पुढ्यात पानावर भाताचे तीन पिंड. पहिले दोन पिंड कावळ्यांनी केव्हाच टिपले होते. तिसऱ्याजवळ एकही कावळा फिरकत नव्हता. म्हातारी हात जोडून त्या पिंडाशी काहीतरी बोलत होती… समजूत काढल्यासारखं.

ती मान तिरकी करून बोलायची आईची लकब निरंजननं ओळखली. 

"मागच्या वर्षीही असंच झालं," बुवा म्हणाले. "अंधार पडेस्तोवर उठली नाही."

"बुवा… मी काय करू?"

बुवांनी प्रिंटरवरचा कागद उचलला, त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्यावर मिटली.

"खाली जा. नावं आज तू वाच."