रफूवाली आणि अरुंधती

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. मावशीने सांगितली तेव्हाच बजावलं होतं, की धाकट्या भावंडांना सांगू नकोस, घाबरतील. पण न सांगितल्यानेच गोष्टीतल्या बाईवर संकट आलं, म्हणून सांगते.

एका मोठ्या शहरात एक रफूवाली राहत होती. कापड कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये, असं तिचं रफू. घरात ती आणि तिची लहान लेक, तिसरं माणूस नाही. सुई चालली तर चूल पेटायची.

त्याच शहरात एक दुर्बीणवाला होता. दिवसा कचेरीत कारकुनी करायचा आणि दिवेलागणीनंतर मंगल कार्यालयासमोरच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकट आकाश दाखवायचा. त्याचा छंदच तो.

लग्नसराईचे दिवस होते. कार्यालयातले वऱ्हाडी त्याला अरुंधती दाखवायला सांगत. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला बिलगून असलेली ही बारीकशी चांदणी. लग्नात नवरीला ती दाखवायची रीत आहे. लग्न लागतं भरदुपारी, वर सूर्याशिवाय काही नसतं, तरी भटजी आकाशाकडे बोट करतात आणि नवरी "दिसली" म्हणते. दुसरं काही म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

एका संध्याकाळी रफूवाली कपड्यांचं गाठोडं घेऊन दुर्बिणीच्या रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे एक छत्रीवाले आजोबा होते. त्यांना गप्प राहवेना. "नीट बघा रे," ते म्हणाले. "ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे दिवस भरले, असं जुनी माणसं सांगतात."

रांगेत हशा पिकला. मग तुम्हीच आधी बघा, असं मागून कुणी तरी म्हणालं. आजोबांनी पाहिलं, "दिसली बुवा" म्हणाले, आणि छत्री टेकत ऐटीत निघून गेले.

रफूवालीने डावा डोळा मिटला आणि उजवा दुर्बिणीला लावला. आत काळोख होता. एक ठिपकासुद्धा नाही.

"दिसली, ताई?" दुर्बीणवाल्याने विचारलं.

मागे माणसं खोळंबली होती. "दिसली," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिला धड झोप लागेना. जिन्यात पाऊल वाजलं तरी काळीज लक्कन हलायचं. हल्ली सुई सारखी बोटात टोचत होती, तेही तिला मरणाची खूणच वाटायचं. कुणाला सांगावं तर सांगितल्याने खरं होईल, ही आणखी एक भीती. ती लेकीला घाईघाईने रफू शिकवू लागली. टाका चुकला की ओरडायची, आणि मुलगी झोपली की तिच्या केसांतून हात फिरवत जागी राहायची. एवढी घाई कशाची, असं लेकीने विचारलं, तर म्हणाली, "हातात काही तरी असावं गं."

कार्यालयावरून जाणं तिने सोडलंच होतं. पण एकदा एका नवरीचा शालू तिथेच पोचवायचा होता. शालू देऊन ती बाहेर येते तो बरोबर आलेली लेक दुर्बिणीच्या रांगेत, आणि तिची पाळी आलेली. आईने हाक मारेपर्यंत तिने डोळा लावलाही.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आत काहीच नाहीये."

आम्हा सगळ्यांना दिसली, हिलाच बरी दिसत नाही, असं म्हणून एक जरीच्या साडीतली बाई हसली. स्वतःच्या मरणाची भीती रफूवालीने गिळली होती, पण ही भीती काही केल्या गिळता येईना. तिने लेकीला पोटाशी धरलं.

"दादा, मलाही दिसली नव्हती. मी खोटं बोलले. पण हिला का दिसत नाही, ते सांगा."

दुर्बीणवाल्याने स्वतः डोळा लावला आणि ओशाळला. तारे सरकत असतात, त्यांच्यामागे दुर्बीणही सरकवत राहावी लागते. बोलण्याच्या नादात तो ते विसरला होता. अरुंधती केव्हाच निसटली होती आणि रिकाम्या आकाशाला सगळे "दिसली" म्हणत होते. जरीच्या साडीतली बाई दुसरीकडे बघू लागली.

त्याने दुर्बीण सरकवली. लेकीने पुन्हा पाहिलं. "आहे की. बारीक आहे, पण आहे."

रफूवालीच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तीही वाकली आणि उजवा डोळा लावला.

पुन्हा काळोख.

आता कुणी हसत नव्हतं. या वेळी मात्र तिने खरं ते सांगितलं. दुर्बीणवाला हळू आवाजात म्हणाला, "ताई, दुसरा डोळा लावून बघा बरं."

डाव्या डोळ्याला अरुंधती स्पष्ट दिसली. रफूवाली सरळ उभी राहिली. डाव्या डोळ्यावर तळहात धरला, आणि कार्यालयाची रोषणाई, माणसं, समोर उभी असलेली लेक, सगळं एकदम विझलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. तो दुखत नाही, चाहूल देत नाही. एका डोळ्याचं उणं दुसरा झाकून घेतो, म्हणून माणसाला कळतच नाही. उजवा गेला होता आणि डाव्याला सुरुवात झाली होती. "गेलेली नजर परत येणार नाही," त्यांनी सांगितलं. "उरलेली राखता येईल. थोडा उशीर झाला असता तर तीही गेली असती."

रफूवाली अजून रफू करते. रोज लेक तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. तेव्हा दोघींनाही भीती वाटते, आणि दोघी एकमेकींना तसं सांगतात.

तात्पर्य एवढंच, की जे दिसत नाही ते "दिसत नाही" म्हणायला लाजू नये. घाबरायचंच तर गप्प राहण्याला घाबरावं, कारण अंधार आधी गुपचूप आत येऊन बसतो आणि आपल्याला कळतो मात्र…

आले गं आई, आले.