बसणारी आणि चालणारे

गिरणीमागच्या जुन्या बाजारात शेवंताबाई खरटमल फुटपाथवर बसून चपला शिवायची. नवरा गेल्यावर त्याची चामडं कापायची रापी तिनं हाती घेतली होती, आणि त्या हातभर जागेवरच तिचं घर चालत होतं.

एका रणरणत्या दुपारी नवे बाजार-अधिकारी दोन शिपाई घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो, बसणाऱ्यांसाठी नाही. उचला सामान."

शेवंताबाई उठली. शेजारच्या सावलीत एक हमाल आणि एक भाजीवाली तुटक्या चपला तिच्याकडे देऊन अनवाणी उभे होते. ती त्यांना म्हणाली, "साहेबांनी फुटपाथ चालणाऱ्यांना दिलाय. चला, लागा चालायला."

हमालानं उन्हात पाऊल टाकलं आणि चटका बसताच तो मागे आला.

शेवंताबाई अधिकाऱ्यांकडे वळली. "साहेब, मी बसते म्हणून ही माणसं चालतात."

अधिकारी हमालाच्या पायांकडे पाहत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "जरा भिंतीला टेकून बसा. जाणाऱ्यांना वाट ठेवा."

शेवंताबाई भिंतीला सरकली आणि तिनं आधी हमालाची चप्पल पुढ्यात घेतली.