काळा फिल्टर, पांढरा फिल्टर

पिराजीचा थोरला भाऊ वारून पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच कारखान्याचे संचालक आबासाहेब दोघा भावांच्या गॅरेजवर आले. त्यांच्या दोन गाड्यांतून काढलेले ऑइल फिल्टर त्यांनी कापून आणले होते.

"हा तुझ्या भावानं बसवलेला. आतून काळाकुट्ट! हा माझ्या मेव्हण्याच्या दुकानातला. तेवढाच चालला, तरी पांढराशुभ्र! फसवत होता तुझा भाऊ. उद्यापासून माझ्या गाड्या दुसरीकडे."

पिराजीनं हातातला पाना आपटला. "आबासाहेब, सदरा धुतला आणि बादलीतलं पाणी नितळच राहिलं, तर मळ कुठं राहिला? तो सदरा सभेला घालाल?"

आबासाहेबांनी पांढरा फिल्टर उलटसुलट पाहिला. मग ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "मेव्हण्याचा फिल्टर लावलेली गाडी आत घे. पिराजीला इंजिन उघडू दे."