कुंडातली टकटक

एका खाडीच्या तोंडाशी, जिथे कांदळवन संपते आणि काळे खडक सुरू होतात, तिथे एक म्हातारी पाणमांजर राहत असे. सारी खाडी तिला मावशी म्हणे. मावशीच्या हाताला मोठा गुण होता. पंख मोडलेला बगळा असो की नांगी तुटलेला खेकडा, तिच्याकडे आला की बरा होऊनच जाई. मासे तेवढे तिच्या दवाखान्याकडे कधी फिरकत नसत. का, ते मुलांनो, तुम्हीच ओळखा.

मोठ्या रुग्णांसाठी मावशीने खडकातले एक खोल कुंड राखून ठेवले होते. एरवी ते चारी बाजूंनी बंद असे. फक्त पुनवेच्या भर दुपारी उधाण आले, की समुद्राचे पाणी खडकावरून आत येई आणि घटकाभर कुंड व समुद्र एक होत. बरा झालेला रुग्ण त्याच वाटेने घरी जाई.

गेल्या साली एक कासव असेच बरे होऊन निघाले होते. कावळ्याला समारंभाची भारी हौस. त्याने शेवाळाचे हार आणवले, कुरव पक्ष्यांचा ताफा बोलावला आणि लांबलचक भाषण ठोकले. टाळ्यांच्या कडकडाटात कासव समुद्रात गेले. पण ते लांब गेलेच नाही. शेवटच्या खडकापलीकडे, वारा पडलेल्या दुपारी, त्याचे डोके पाण्यावर येई आणि ते गोल गोल फिरू लागे. चौफेर मोकळा समुद्र, तरी त्याची फेरी कुंडाएवढीच. जिथे भिंत नव्हती तिथे ते भिंत असल्यासारखे वळे. हाक मारली तर ओ देत नसे. त्याचे डोळे उघडे असत, पण त्या डोळ्यांत कुणी राहत नव्हते. भर दुपारी त्या बाजूला बघायचे नाही, असे बगळीण आपल्या पोरांना बजावत असे.

मावशीच्या मनाला ते फार लागले. "माझीच माया कमी पडली," ती स्वतःशी म्हणाली. आणि इथेच तिचे चुकले.

यंदा पावसाळा सरता सरता एक कासवी वाहत आली. जाळ्याचा तुकडा तिच्या पुढच्या पायात रुतून हाड दिसू लागले होते. मावशीने दातांनी एकेक दोरा तोडला, पाल्याचा लेप केला आणि तीन महिने तिला तळहातावरच्या फोडासारखे जपले. पाय भरून आला. आता फक्त पुनवेची वाट पाहायची होती. पण ही कासवी तरी सरळ घरी जाईल का? की तीही त्या खडकापलीकडे फिरत राहील? या एका काळजीने मावशीला घास गोड लागेना.

"कासवी नुसत्या नजरेन पिल्लां वाढयता म्हणतत," ती म्हणाली. "मगे मी पण हिका नजरेतच ठेवतंय."

झाले! सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत मावशी कुंडाच्या काठावर बसू लागली. डोळ्याची पापणी न लववता खाली बघायची आणि मायेने ओव्या गायची. मावशीचा गळा कसा होता, याबद्दल मी काही बोलत नाही. कासवी कुंडाच्या तळाशी एका काळोख्या कपारीत असे, वरून दिसत नसे. मावशी लेप लावायला बुडी मारून गेली की मात्र ती जराही हलत नसे. निपचित पडून राही. "किती गुणाची गो माझी बाय!" म्हणत मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवी.

आणि मग ती टकटक सुरू झाली.

टक्. टक् टक्. आवाज खडकाच्या पोटातून येई. मावशी ओव्या म्हणू लागली की येई, थांबली की मंद होई, पण पुरता बंद होत नसे. कुणीतरी आतून दार वाजवावे तसा तो आवाज होता. खेकड्यांनी त्या खडकावरची बिळे सोडली. बगळीण पोरांना घेऊन कांदळवनातल्या दुसऱ्या तिवराच्या झाडावर राहायला गेली. मावशीही मनातून टरकली होती, पण कासवीला एकटे कसे सोडायचे? ती आणखी पुढे सरकून बसू लागली, आणखी मोठ्याने गाऊ लागली. टकटकही वाढली.

पुनवेला पाच दिवस उरले तेव्हा कावळा आला. मान वाकडी करून त्याने तो आवाज ऐकला आणि त्याचे पंख आपोआप अंगाशी आले.

"मावशे, ह्या लक्षण बरा नाय," तो म्हणाला. "गेल्या वर्साचा ता कासव हिका बोलावता. पुनवेच्या आदी गाऱ्हाणा घालूक व्हया."

मावशीलाही ते पटले. त्याच दुपारी सगळी खाडी कुंडाभोवती गोळा झाली. कोल्हा आला, बगळे आले, कुरव आले, दुरून का होईना पण खेकडेही आले. कावळ्याने घसा साफ केला आणि कोकणातल्या देवळात घालतात तसे खणखणीत गाऱ्हाणे घातले.

"बा खाडीच्या राखणदारा महाराजा! ह्या कुंडात जो कोण ठोकता आसा, त्येका सात दर्यांपलीकडे धाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे एका दमात ओरडले.

टक् टक् टक् टक्! खडक थरथरला. कावळ्याला वाटले, देवाचा कौल मिळाला. त्याला अधिकच चेव आला. दुसरे गाऱ्हाणे, तिसरे गाऱ्हाणे, आणि दर वेळी तो दणदणीत "व्हय महाराजा!" आता पाण्याला वाऱ्याशिवाय लाटा उठत होत्या. टकटकीचा धडधडाट झाला. आणि अचानक सारे थांबले.

कुंड गप्प झाले. कपारीतून कासवी हळूहळू वर आली. तिने पोहण्यासाठी एकही पाय हलवला नव्हता. ती पाण्यावर तरंगत होती आणि तिचे डोळे उघडे होते. मावशीने त्या डोळ्यांत वाकून पाहिले. आत कुणी नव्हते.

कावळा कुठे गेला, हे विचारू नका. क्षणात सगळा खडक मोकळा झाला. राहिली ती एकटी मावशी, आणि कुंडाच्या कडेला शंखात राहणारा एक छोटा खेकडा. त्याला आजवर कुणी बोलताना ऐकले नव्हते.

"भूतबित काय नाय," शंखातून आवाज आला. "तू इलंस की वाजता, तू गेलंस की थांबता. तुझी सावली पाण्यात पडली, की ती कपारीत आणखी आत घुसाक बघता. पाठ खडकाक आपटता. तोच ह्यो आवाज."

"पण मी लेप लावतंय, तेव्हा ती हलत सुद्धा नाय!"

"ती भियान हलत नाय. भियाली की मेल्यासारखी होता, आतासारखी."

"मगे आदी कित्याक सांगूक नाय?"

"तू गप कधी रवलंस?" खेकडा म्हणाला आणि शंखात शिरला.

मावशीने कासवीच्या पाठीकडे नीट पाहिले. कडेकडेने ताजे ओरखडे होते. त्याच ओरखड्यांवर ती रोज लेप लावत होती, जाळ्याच्या जखमा समजून. जाळ्याने पाय कापला होता. बाकीचे सगळे तिने केले होते. गेल्या सालचे कासवही अशीच भीती घेऊन गेले होते. म्हातारी तोंडात पंजा घालून रडली, पण आवाज न करता. आवाजाची आता तिला भीती वाटत होती.

त्या भेदरलेल्या कासवीच्या तोंडून शब्द फुटला असता, तर ती 'भीक नको, पण कुत्रा आवर' एवढेच म्हणाली असती.

मग मावशी कामाला लागली. तिवराच्या पालेदार फांद्या तिने कुंडावर अलगद पसरल्या, म्हणजे वरून कुणाची सावली पडू नये. खाणे ती फांद्यांच्या कडेच्या फटीतून पाण्याबरोबर आत सोडी. कुरवांना तिने पलीकडच्या किनाऱ्यावर हाकलले. निरोपाच्या भाषणासाठी परत आलेल्या कावळ्याला तर तिने नुसते दात दाखवले. आणि स्वतः ती मोठ्या खडकाआड, कुंडाकडे पाठ करून बसली.

पहिल्या दिवशी तीनदा टकटक झाली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशीही काहीच नाही, आणि ती शांतता मावशीला टकटकीपेक्षाही भयंकर वाटली. पाय हलवत नसेल तर? श्वास घेत नसेल तर? एकदा, फक्त एकदा फांदी बाजूला करून बघावे, असे शंभरदा तिच्या मनात आले. तिने आपली शेपूट दातांत धरली आणि बसून राहिली.

पुनवेच्या दुपारी उधाण आले. वारा नव्हता. पाणी आवाज न करता खडकांवर चढले, कुंडात उतरले, फांद्या उचलल्या गेल्या. मावशीला ते पाठीमागे ऐकू येत होते. तिने वळून पाहिले नाही. बराच वेळ काही झाले नाही. मग खडकांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, एक लांब श्वास ऐकू आला. फूः! काही वेळाने दुसरा, आणखी लांब. मग तिसरा, अगदी बारीक, पण त्याच रेषेत. चौथा ऐकण्यासाठी मावशीने कान टवकारले, पण तेवढ्या लांबचे ऐकू येण्याइतके तिचे कान तरुण राहिले नव्हते. तिला आनंद झाला आणि त्याच वेळी फार एकटे वाटले.

संध्याकाळी कावळा भीत भीत येऊन बसला. "मावशे, सांगान गेली काय गो?"

"नाय."

"मागे वळान तरी बघल्यान?"

"नाय," मावशी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "कित्याक बघीत? जेच्या पाठी भय आसता, तोच मागे बघता."

तात्पर्य : जखम भरली म्हणजे दुखणे गेले असे नव्हे, भीतीही जावी लागते, आणि ती घालवायला कधीकधी माया करणाऱ्यानेच बाजूला व्हावे लागते.