बुरडीण आणि नदी

काळाला अजून कुणी आकडे घातले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनी मनात ठेवावी.

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाच्या कडेला एक बुरूड, त्याची बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी राहत होती. नवरा-बायको बांबू फोडून कामट्या काढायचे आणि सुपं, टोपल्या, परड्या विणायचे. बुरडिणीचा हात असा बसलेला की तिच्या टोपलीतून मोहरीचा दाणा गळत नाही, असं गाव म्हणायचं.

त्या घरात आधी दोन लेकरं होती. थोरला मुलगा दहा वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी श्रावणात नदीला मोठा पूर आला. पोरं पाणी बघायला काठावर जमली आणि पायाखालची माती खचली. बाकीची मागे पळाली. तो तेवढा गेला. तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडला.

बुरडीण रडली नाही. दिवसकार्य झालं तशी ती उठली, कोयता घेऊन बांबू फोडायला बसली आणि महिन्याभरात तिने घराभोवती पुरुषभर उंचीचा दाट कूड विणून घातला. पाणी नवऱ्याने भरायचं, बाजार नवऱ्याने करायचा. आपण आणि मुलगी आत. कुणी समाचाराला आलं तर ती आतून म्हणायची, "घरात कुणी नाही." कुडाला एकच दार होतं आणि त्याची कडी तिच्या हाताला पाठ होती.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. दोन वर्षांत ती उंच झाली, पण रंगाने पांढुरकी पडली. तिचे तळवे तान्ह्या मुलाच्या तळव्यांसारखे मऊ होते. कुडाला कान लावून ती बाहेरचं गाव ऐकायची. कुठली गाय कुणाची, हे तिला हंबरण्यावरून कळे. गाय कशी दिसते, हे ती विसरत चालली होती.

बुरूड कधीतरी म्हणायचा, "अगं, किती दिवस ठेवणार तिला अशी?"

"ती जिवंत आहे ना?" बुरडीण म्हणायची. त्यापुढे त्याला बोलता येत नसे, कारण मुलगा गेला त्या दिवशी तो बाजाराला गेला होता, आणि ते तो स्वतःही विसरला नव्हता.

अशात भाद्रपद सरला आणि आश्विन लागला. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. भात निसवलं, गवताला तुरे आले. आळीतल्या मुली हादग्याला बोलवायला आल्या आणि दारातून हाका मारू लागल्या.

"काकू, हिला पाठवा ना. आम्ही सांभाळून आणू."

"तिला कणकण आहे," बुरडीण आतून म्हणाली.

मुलीला कणकण नव्हती. ती परसात उभी राहून सगळं ऐकत होती. मुलींचे आवाज लांब गेले. पावसाने कुडाखालची माती एका जागी वाहून नेली होती. तिथे मुलगी पालथी झाली, सरपटली आणि बाहेर पडली.

आवाज कुठल्या बाजूला गेले ते तिला कळलं नाही. वाट उताराची होती म्हणून ती उतरत गेली, आणि खाली नदी आली.

शरदातलं पाणी नितळ असतं. तळाचा गोटा न गोटा दिसतो आणि हात घातला तर लागेल असं वाटतं. दोन वर्षांत मुलीने पाणी पाहिलं होतं ते घागरीतलं; त्याआधीची नदी तिला आठवत नव्हती. ती रस्त्यावरून चालावं तशी नदीत चालत गेली. गुडघा बुडाला, कंबर बुडाली, गळा बुडाला. ती थांबली नाही, कारण थांबायला हवं असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळाने कुडाच्या दारावर थाप पडली. बाहेरून मुलीचा खोकला ऐकू आला, तशी बुरडिणीने कडी काढली. दारात नावाडीण उभी होती. ही एक म्हातारी बाई, गावाची होडी चालवायची. तिच्या खांद्यावर मुलगी होती. केसांतून पाणी गळत होतं आणि ती खोकत होती.

बुरडिणीने मुलीला ओढून घेतलं, छातीशी धरलं. मग तिचं तोंड उघडलं ते आभारासाठी नव्हे.

"हिला काढलंत. माझा मुलगा गेला तेव्हा कुठे होती तुमची होडी? तुमचा नवरा अख्ख्या नदीचा नावाडी, आणि त्या दिवशी काठावर उभं राहून बघत होता."

म्हातारीने पदराने हात पुसले.

"होडी घातली होती त्याने," ती म्हणाली. "दोनदा घातली. दुसऱ्यांदा वल्हं मोडलं आणि होडी खडकावर गेली. त्यानंतर तो तीन वेळा तुझ्या दाराशी आला होता, तुला सांगायला. घरात कुणी नाही, असं तू आतून म्हणालीस. पुढे त्याने वल्ह्याला हात लावला नाही. वर्षभरात तोही गेला."

दोन वर्षं रोज सकाळी उठून बुरडिणीने ज्या माणसाला शिव्याशाप दिले होते, तो मेला आहे हेही तिला माहीत नव्हतं. घरात तो विषय नवऱ्यानेही कधी काढला नव्हता.

"तुझं विणकाम चांगलं आहे, बाई," म्हातारी जाता जाता म्हणाली. "पण आज ही पोर पाण्याला भ्यायली नाही. वाट म्हणून चालत गेली. पाणी काय असतं ते तिला कुणी दाखवलंच नाही. नदी काही गाव सोडून जायची नाही. ही मात्र एक दिवस या कुडाबाहेर पडणार. तेव्हा मी काठावर असेनच असं नाही."

त्या संध्याकाळी चूल उशिरा पेटली. नवरा घरी आला. झालेलं सगळं बुरडिणीने त्याला सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "अहो, उद्या आपण तिघं बाहेर जाऊ."

"कुठे?"

"जाता येईल तिथवर."

पहिल्या दिवशी ती तिघं चिंचेपर्यंत गेली. चिंच घरापासून पन्नास पावलांवर होती. तिथे बुरडीण बुंध्याला टेकून बसली. मुलगी मात्र खाली पडलेली चिंचेची पानं गोळा करत होती आणि प्रत्येक पान आईला आणून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी तिघं भाताच्या बांधावर गेली. गवतातल्या कोळ्याच्या जाळ्यावर दव चमकत होतं. मुलीने बोट लावलं आणि सगळं जाळं एकदम तुटून विझलं. ती बावरून आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "उद्या तो परत विणेल."

मग रोज सकाळी काम आवरून तिघं निघू लागली. तळवे सोलले तेव्हा बाप तिला खांद्यावर घ्यायचा. तिने वासराला लुचताना पाहिलं. पाण्याच्या डबक्यावर चतुर उडताना पाहिले. माळावर तेरडा फुलला होता, त्याची बोंडं हात लावताच फुटतात हे तिने दहादा करून पाहिलं. आणि खरं सांगायचं तर यातलं पुष्कळसं बुरडीणही नव्यानेच पाहत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चूल आणि कामट्या यांमध्येच होती. बाहेर गेली होती ती कामाला. नुसतं बघायला कधी गेली नव्हती.

पण वाट नदीकडे वळली की ती म्हणायची, "आज पुरे."

दसऱ्याला सारं गाव सीमोल्लंघनाला नदीपलीकडे जायचं. आपट्याची झाडं पलीकडे होती. होडी भरत होती. बुरूड मुलीला घेऊन चढला आणि त्याने बायकोला हात दिला. बुरडिणीने एक पाय होडीत ठेवला. होडी हलली. तिने पाय काढून घेतला, मुलीला खाली उतरवलं आणि मागे न बघता घरी आली. गाव पलीकडे गेलं. ही तिघं त्या दिवशी सोनं न लुटता घरात बसून राहिली.

मुलीने विचारलं, "आई, तू कुणाला भितेस? मला की पाण्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरडीण एकटी उठून नावाडिणीच्या झोपडीत गेली.

"मावशी," ती म्हणाली, "मला पोहायला शिकवा."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. "या वयात?"

"पोरीला शिकवायचंय. मला येत नाही ते तिला कुठून देऊ?"

बायका धुणं धुतात त्या घाटाच्या वरच्या अंगाला एक संथ डोह होता. म्हातारीने दोन मोठे वाळलेले भोपळे दोरीने बुरडिणीच्या पाठीला बांधले आणि तिला पाण्यात उतरवलं. काठावर नवरा आणि मुलगी बसली होती. पहिले चार दिवस बुरडिणीने पाणी गिळण्यापलीकडे काही केलं नाही. घाटावरच्या बायका आधी हसल्या. मग ती कोण आहे हे आठवून गप्प झाल्या.

पाचव्या दिवशी दोरी सैल झाली, भोपळे सरकले आणि ती खाली गेली. डोळे उघडे होते. आत हिरवं होतं आणि कसलाही आवाज नव्हता. म्हातारीने दंड धरून वर काढलं तेव्हा ती खोकली, श्वास घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"मावशी, तो ओरडला होता का?"

म्हातारीला कोण ते विचारावं लागलं नाही. "नाही," ती म्हणाली. "माझा माणूस सांगायचा, पोराने हात वर केला होता. होडी येताना त्याला दिसली होती. आपल्याला कुणी घ्यायला येतंय, हे त्याला कळलं होतं."

बुरडीण ओल्या लुगड्यानिशी पायरीवर बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडली. मोठ्याने रडली. सगळ्या घाटाने ऐकलं. नवरा तिच्याजवळ येऊन बसला आणि त्यानेही डोळ्यांना उपरणं लावलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई दादासाठी रडते का?"

"हो," बाप म्हणाला. त्या घरात दादा हा शब्द दोन वर्षांनी उच्चारला गेला होता.

बरंच रडून झाल्यावर बुरडिणीने म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी त्यांना फार वाईट बोलले, मावशी."

"त्याला ऐकू गेलं नाही," म्हातारी म्हणाली. "आता ऊठ. दोरी नीट बांधू."

दिवाळीच्या आधी बुरडीण एका भोपळ्यावर तरंगू लागली. दिवाळीनंतर भोपळ्याशिवाय. मग तिने तेच भोपळे मुलीच्या पाठीला बांधले. दोरीची गाठ तिने स्वतः मारली, आणि ती तीनदा ओढून बघितली. पोटाखाली हात धरून ती मुलीला सांगायची, "इथे तळ जवळ दिसतो, पण तो जवळ नाही. हा गोटा शेवाळलेला आहे, यावर पाय देऊ नकोस. पाणी आधी पायाला विचारायचं, मग अंग टाकायचं." रोज पोहून झाल्यावर ती मुलीला काठाने चालवत न्यायची आणि कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे खालून पोखरलेली आहे, ते काठीने टोचून दाखवायची. ज्या जागी मुलगा गेला, तिथेही तिने तिला नेलं. तिथे दोघी जरा वेळ उभ्या राहिल्या.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पुन्हा श्रावण आला आणि नदी पुन्हा फुगली.

पाणी चढलंय असं कळताच बुरडीण हातातली परडी टाकून धावली. मुलगी घरात नव्हती. ती धावत उतारावरून खाली आली आणि थांबली.

काठावर आळीतल्या सहा-सात मुली पूर बघायला जमल्या होत्या. पण कुणीही अगदी कडेला नव्हतं. सगळ्या वीस पावलं मागे, खडकावर उभ्या होत्या. त्यांच्यापुढे बुरडिणीची मुलगी दोन्ही हात पसरून उभी होती. एक लहानगी तिच्या हाताखालून पुढे जायला बघत होती.

"नाही," मुलगी तिला सांगत होती. "मला पोहता येतं, तरी मीसुद्धा जात नाही. बघ, पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही. आणि तिथली माती आतून पोकळ असते. थांब, दाखवते."

तिने एक मोठा दगड उचलला आणि काठाच्या कडेला फेकला. क्षणभर काही झालं नाही. मग कडेची हातभर माती दगडासकट खाली बसली आणि पुराने ती आवाजही न करता नेली.

लहानगी मागे सरकली आणि तिने मुलीचा हात घट्ट धरला.

बुरडीण पुढे गेली नाही. तिने हाकही मारली नाही. ती तिथेच उतारावर उभी राहिली. सगळ्या मुली एकेक करून खडकावरून खाली उतरल्या आणि घराच्या वाटेला लागल्या, तेव्हा ती त्यांच्या मागून चालू लागली.

त्या सालापासून त्या गावात रीत पडली. शरदात पाणी नितळलं की आयांनी लेकरांना घेऊन नदीवर जायचं, आधी आपण उतरायचं आणि मग त्यांना उतरवायचं. त्यानंतरही पूर आले. पण त्या गावचं लेकरू पुन्हा नदीने नेलं नाही.

म्हणून जाणते सांगतात: भीतीने लेकरू घरात राहतं, पण जगात तरतं ते ओळखीने.